दुबई-सौदीहून आणलेला मोबाईल बिघडला तर कंपनी दाद देते का? वॉरंटी, बिल आणि तक्रारीची माहिती

श्रीरामपूर, राहाता, राहुरी, नेवासा भागातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला आहे. सुट्टीवर येताना भाऊ, जावई किंवा मामू मोबाईल घेऊन येतात. उमराहहून परतणारे हाजी साहेबही मुलासाठी, नातवासाठी तिकडूनच फोन आणतात. शिवाय मुंबईच्या बाजारातून आलेले 'इम्पोर्टेड पीस' आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. सहा महिने सगळे छान चालते. मग डिस्प्लेवर रेघा येतात किंवा चार्जिंग बंद पडते आणि सर्विस सेंटरच्या काउंटरवर उत्तर मिळते, "हा इंडियाचा पीस नाही, वॉरंटीत बसणार नाही."

अशा वेळी काय करायचे, कोणाकडे मागायचे आणि मुळात घेतानाच काय पाहायचे, ही माहिती इथे एकत्र देत आहोत.

थोडक्यात

- बाहेरच्या देशात विकण्यासाठी बनलेला अस्सल फोन भारतात वापरणे गुन्हा नाही.
- त्याची वॉरंटी साधारणपणे ज्या देशात तो विकला गेला त्या देशापुरती असते. ॲपलसारख्या काही कंपन्यांकडे थोडी सवलत मिळू शकते.
- असा फोन भारतातल्या दुकानातून घेतला असेल तर जबाबदारी त्या दुकानदाराची. बिल असेल तर श्रीरामपूरच्या माणसाला अहिल्यानगरच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते.
- नातेवाईकाने परदेशातून आणला असेल तर तिथले बिल आणि तिथला माणूस, हाच मुख्य आधार.

पॅरलल इम्पोर्ट म्हणजे काय?

प्रत्येक मोठी मोबाईल कंपनी देशानुसार वेगळा माल काढते. भारतासाठीचा माल तिची भारतातली कंपनी किंवा नेमलेला वितरक बाजारात आणतो. दुबईसाठीचा माल दुबईचा वितरक विकतो. दुबईचा अस्सल माल कंपनीच्या नेमलेल्या वाटेने न येता दुसऱ्याच व्यापाऱ्याने भारतात आणून विकला, तर त्याला पॅरलल इम्पोर्ट म्हणतात. बाजाराच्या भाषेत 'ग्रे माल', 'बाहेरचा पीस' किंवा 'विदाऊट बिल'.

नकली फोन ही वेगळी गोष्ट आहे. ग्रे माल अस्सल असतो, फक्त वाट वेगळी असते. पण दोन्ही एकाच काउंटरवर मिळू शकतात, म्हणून तपासूनच घ्यावे.

स्वस्त का पडतो?

कारण कराचे आहे. भारतात आयात होणाऱ्या मोबाईलवर मूळ सीमाशुल्क 2018 पासून 20 टक्के होते, ते जुलै 2024 च्या बजेटमध्ये 15 टक्क्यांवर आले. मोबाईलवरचा जीएसटी 1 एप्रिल 2020 पासून 18 टक्के झाला, त्याआधी तो 12 टक्के होता. अमिरातीत मात्र व्हॅट फक्त 5 टक्के आहे आणि फिरायला गेलेल्या पाहुण्याला त्यातला बराचसा विमानतळावर परतही मिळतो. सौदीत व्हॅट जुलै 2020 पासून 15 टक्के आहे. त्यामुळे "सौदीत फोन स्वस्त" हे प्रत्येक वेळी खरे नसते. भारतातल्या सणासुदीच्या ऑफर आणि बँकेची सूट धरून आधी हिशोब करावा. फरक चार-पाच हजारांचाच असेल, तर तेवढ्यासाठी वर्षभराची वॉरंटी सोडण्यात शहाणपण नाही.

असा फोन विकणे बेकायदा आहे का?

या प्रश्नावरचा गाजलेला खटला दिल्ली हायकोर्टातला आहे: कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग. दिल्लीचे व्यापारी सॅमसंगचे प्रिंटर आणि शाईची काडतुसे परदेशातून आणून विकत होते. कंपनीने ट्रेडमार्क कायद्याखाली ते थांबवायला सांगितले. फेब्रुवारी 2012 मध्ये एक सदस्यीय पीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. 3 ऑक्टोबर 2012 रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. कंपनीने आपला माल जगात कुठेही एकदा कायदेशीर विकला की तो पुढे भारतात आणून विकायला ट्रेडमार्कच्या नावाखाली अडवता येत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी मे महिन्यात कस्टम्स खात्यानेही परिपत्रक काढून अस्सल मालाच्या समांतर आयातीबाबत अशीच भूमिका सांगितली होती.

पण कोर्टाने व्यापाऱ्यांना मोकळे सोडले नाही. दुकानात ठळकपणे लिहून लावायचे की हा माल आयात केलेला आहे, याची वॉरंटी आणि विक्रीनंतरची सेवा कंपनी देत नाही, ती आम्ही स्वतः देतो. म्हणजे विकायची मुभा आहे, पण लपवायची नाही. मालातला ऐब सांगून विकावा हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. कोर्टाने तेच वेगळ्या शब्दांत सांगितले.

खटला प्रिंटरचा असला तरी तत्त्व मोबाईललाही लागू पडते. पार्ट बदललेला किंवा दुरुस्त केलेला फोन 'नवा' म्हणून विकला, तर मात्र त्या व्यापाऱ्याला या निकालाची ढाल मिळत नाही, कारण माल मूळ अवस्थेत राहिलेला नसतो.

भारतात दुकानात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी आणखी अटी आहेत. फोनला बीआयएसची नोंदणी लागते. डब्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला लागतो. 1 जानेवारी 2023 पासून भारतात बनलेल्या किंवा विकण्यासाठी आयात केलेल्या प्रत्येक मोबाईलचा आयएमईआय नंबर सरकारी पोर्टलवर आधी नोंदवावा लागतो. डब्यावर फक्त अरबी मजकूर, दिरहॅमचा स्टिकर आणि एमआरपीची जागा कोरी, असे दिसले तर माल कुठल्या वाटेने आला ते समजून घ्यावे.

कंपनी वॉरंटी देते का?

*ॲपल:* एक वर्षाची वॉरंटी असते. मात्र आयफोनची सेवा ज्या देशात तो विकला गेला त्या देशापुरती मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये राखून ठेवला आहे. म्हणून "आयफोनला इंटरनॅशनल वॉरंटी असतेच" हे दुकानदाराचे वाक्य पूर्ण खरे मानू नये. भारतात सेवा मिळाली, तरी त्या देशाच्या मॉडेलचा पार्ट इथे नसेल तर काम अडते. सीरियल नंबर कंपनीच्या 'चेक कव्हरेज' पानावर टाकला की वॉरंटी किती दिवस उरली ते कळते.

*सॅमसंग आणि बहुतेक अँड्रॉइड कंपन्या:* वॉरंटी विक्रीच्या देशापुरती. भारतातल्या सेंटरवर फुकट दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नये. पैसे देऊन दुरुस्ती होऊ शकते, पण मॉडेल भारतात विकले जात असेल आणि पार्ट जुळत असेल तरच. तेही त्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

*विमा आणि वाढीव वॉरंटी:* बहुतेक योजनांना भारतातले जीएसटी बिल लागते. ते नसेल तर हप्ता भरण्याआधी अट लेखी विचारून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी नकार मिळेल.

फोन कोणत्या देशाचा, ते कसे ओळखायचे?

आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, अबाऊट इथे मॉडेल नंबर दिसतो. शेवटची अक्षरे पाहा. 'एचएन/ए' असेल तर भारताचा, 'एलएल/ए' अमेरिकेचा, 'सीएच/ए' चीनचा, 'जे/ए' जपानचा. जपानच्या आयफोनमध्ये फोटो काढतानाच्या आवाजासारखा बारीक फरकही असू शकतो.

अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाऊट फोन'मधला पूर्ण मॉडेल नंबर, डब्यावरचा मॉडेल नंबर आणि कंपनीच्या भारतीय वेबसाइटवरचा मॉडेल नंबर, असे तिन्ही ताडून पाहा. नाव तेच असून शेवटचे एक अक्षर वेगळे असले, तरी आतला मदरबोर्ड वेगळा असू शकतो.

घेण्याआधी या पाच गोष्टी तपासा

1. *सिमची जागा.* अमेरिकेतल्या आयफोनला 2022 च्या आयफोन 14 पासून सिमचा ट्रे नाही. 2025 च्या आयफोन 17 मालिकेत ही पद्धत अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीनमध्येही आली. तिथून आणलेल्या या फोनमध्ये आपले नेहमीचे सिम बसणारच नाही, फक्त ईसिम चालेल. अब्बांचे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय असलेल्या घरात हे आधीच सांगून ठेवा.

2. *नेटवर्क.* जिओवर 2जी-3जी नाही, कॉल व्होल्टीवरच जातो. बाहेरच्या काही मॉडेलमध्ये भारतीय कंपन्यांसाठी व्होल्टी चालू नसते, मग इंटरनेट चालते आणि कॉल लागत नाही. 5जी साठी फोनमध्ये 'एन78' आणि जिओ वापरत असाल तर 'एन28' बँड आहे का पाहा. 'एन28' ची 700 मेगाहर्ट्झची लहर लांब पोहोचते, त्यामुळे वाड्या-वस्त्यांवर तिचा उपयोग जास्त.

3. *रिजन लॉक.* सॅमसंगने 2013 च्या सुमारास नोट 3 पासून हे सुरू केले. अशा फोनमध्ये आधी त्याच भागातले सिम घालून पाच मिनिटे बोलावे लागते, त्यानंतरच बाहेरचे सिम चालते. डब्यावर तशी सूचना असते. तिकडून फोन आणणाऱ्याला सांगा: निघण्याआधी तिथलेच सिम घालून पाच मिनिटांचा कॉल कर.

4. *हप्त्याचा फोन.* परदेशात टेलिफोन कंपनीच्या करारावर घेतलेला फोन त्या कंपनीला लॉक असू शकतो. हप्ते थकले तर तो ब्लॉकही होतो. 'अनलॉक' असल्याची खात्री तिथेच करून घ्यावी.

5. *आधीच्या मालकाचे खाते.* जुना आयफोन असेल तर आधीचा ॲपल आयडी काढलेला असलाच पाहिजे. ॲक्टिव्हेशन लॉक लागलेला फोन नुसता कागदाचे वजन होऊन बसतो.

आयएमईआय तपासायचा साधा मार्ग

फोनवर *#06# दाबा. 15 आकडी नंबर दिसेल. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत 'केवायएम' लिहा, जागा सोडून तो नंबर लिहा आणि 14422 वर पाठवा. संचार साथी पोर्टल किंवा ॲपवरही हे करता येते. उत्तरात ब्लॅकलिस्ट, डुप्लिकेट किंवा आधीपासून वापरात असे आले, तर फोन घेऊ नका.

आयएमईआय बदलून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

नंबर अस्सल असेल तर बाहेरचा फोन हरवल्यावरही उपाय आहे. पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत जोडून सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करा. ही सोय मे 2023 पासून देशभर चालू आहे.

फोन बिघडला, आता काय? क्रमाने करा

*पहिले:* डेटाचा बॅकअप घ्या. नातेवाईकांचे नंबर, मर्हूम बुजुर्गांचे फोटो, मुलांचे दाखले, सगळे एकदा बाहेर काढून ठेवा. बऱ्याच दुरुस्त्यांत फोन पूर्ण पुसला जातो.

*दुसरे:* सर्विस सेंटरला जाण्याआधी कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला ईमेल किंवा चॅटवर लिहा. सीरियल नंबर, आयएमईआय, खरेदीचा देश, तारीख आणि बिघाड कळवा. दोनच प्रश्न विचारा: भारतात वॉरंटी मिळेल का? नसेल तर पैसे देऊन दुरुस्ती होईल का, किती खर्च? श्रीरामपूरहून अहिल्यानगर किंवा पुण्याला हेलपाटा मारण्याआधी लेखी उत्तर हातात असलेले बरे. काउंटरवरच्या तोंडी 'नाही'पेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

*तिसरे:* सेंटरवर फोन दिलात तर जॉबशीट घ्या. नकार दिला तर नकाराचे कारण लेखी मागा.

*चौथे:* वॉरंटी फक्त परदेशात असेल आणि घरचे कोणी तिकडे असेल, तर त्यांच्यासोबत फोन पाठवता येतो. बॅटरीमुळे फोन हातातल्या बॅगेतच न्यावा. महागडा फोन असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परत आणताना तो नव्याने आणला असे समजून ड्युटी लागण्याचा प्रश्न येत नाही.

*पाचवे:* वॉरंटी कुठेच उरली नसेल तर गावातला चांगला कारागीर हाच मार्ग. पार्ट अस्सल की कॉपी, हे आधी विचारा. कामाची पावती आणि पार्टची मुदत लिहून घ्या. केंद्र सरकारचे 'राईट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर 2022 पासून आहे, त्यावर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती एकत्र पाहायला मिळते.

दुकानातून घेतला आणि दुकानदार हात वर करतो

इथे बहुतेक लोक चुकीच्या दारात भांडत बसतात. कंपनीच्या सेंटरवर आवाज चढवून उपयोग नाही, कारण भारतातल्या कंपनीने तो फोन तुम्हाला विकलेलाच नाही. पैसे ज्याने घेतले, 'वर्षाची वॉरंटी' ज्याने सांगितली, तो दुकानदार कायद्याने उत्तर द्यायला बांधील आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यातल्या उपयोगाच्या गोष्टी अशा:

- बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. खोटी वॉरंटी सांगणेही त्यातच येते.
- सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणे, हीदेखील अनुचित प्रथा आहे.
- तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. फोन मुंबईतून घेतला असला तरी श्रीरामपूरचा रहिवासी अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो.
- पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावणे सक्तीचे नाही.
- मुदत दोन वर्षांची.
- आयोग दुरुस्ती, बदली फोन, पैसे परत किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.
- बॅटरी फुटून इजा झाली किंवा घरातल्या वस्तूचे नुकसान झाले, तर उत्पादन दायित्वाचे वेगळे कलम आहे. बनवणारा कोण ते माहीत नसेल किंवा त्याच्यावर भारतात कारवाई होऊ शकत नसेल, तर माल विकणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते.

पायऱ्या सोप्या आहेत. आधी दुकानदाराला व्हॉट्सॲप किंवा रजिस्टर पोस्टाने लेखी कळवा आणि 15 दिवस द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर नोंद करा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल करा.

बिलच नसेल तर? यूपीआयचा व्यवहार, दुकानदाराशी झालेले चॅट, डब्याचा फोटो, व्हिजिटिंग कार्डवर लिहिलेली 'वॉरंटी 1 वर्ष' ही अक्षरे, यातून खरेदी सिद्ध करण्याचा प्रयत्न करता येतो. रोख दिले आणि कागदाचा तुकडाही घेतला नाही, तर मात्र हात बांधले जातात. म्हणून असा फोन घ्यायचाच असेल तर बिलावर तीन ओळी लिहून घ्या: आयएमईआय नंबर, 'इम्पोर्टेड' असा उल्लेख, आणि 'वॉरंटी दुकानाची, इतके महिने'. एवढे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

उमराह आणि सुट्टीवरून येणाऱ्यांसाठी

स्वतःचा वापरातला फोन सोबत आणायला अडचण नाही. नवा फोन मात्र बॅगेज सवलतीत मोजला जातो. 2016 च्या बॅगेज नियमांत ही सवलत आखातातून येणाऱ्यांना 50,000 रुपयांची होती. त्यावरच्या रकमेला अधिभारासह 38.5 टक्के ड्युटी, असा दर अनेक वर्षे राहिला. हे आकडे सरकार बदलत असते, त्यामुळे निघण्याआधी कस्टम्सच्या वेबसाइटवर चालू मर्यादा पाहून घ्या. पती-पत्नीची सवलत एकत्र करून एकाच महागड्या फोनला लावता येत नाही. मर्यादेबाहेर असेल तर रेड चॅनेलने जाऊन सांगावे आणि ड्युटीची पावती घ्यावी. पुढे फोन विकताना तीच पावती कामाला येते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. विमानतळावर किंवा हॉटेलवर कोणी ओळख काढून म्हणते, "चाचा, हे दोन डबे घेऊन जा, मुंबईत आमचा माणूस घेईल." अमानत म्हणून बुजुर्ग नाही म्हणत नाहीत. पण बॅगेज सवलत स्वतःच्या आणि कुटुंबाच्या सामानासाठी असते, व्यापाराच्या मालासाठी नाही. सीलबंद चार-पाच फोन बॅगेत सापडले, तर माल जप्त होऊ शकतो, दंड लागू शकतो आणि नाव लागते ते बॅग ज्याची त्याचे. डबा देणारा तोवर निघून गेलेला असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना निघण्याआधीच हे समजावून सांगा.

जपून ठेवायचे कागद

- खरेदीचे मूळ बिल. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून लगेच फोटो काढा. बिल अरबीत असेल तर दुकानाचे नाव, तारीख आणि आयएमईआय वाचता येतो का पाहा.
- डबा आणि त्यावरचा आयएमईआय स्टिकर.
- ड्युटी भरली असेल तर तिची पावती.
- दुकानदाराने लिहून दिलेली वॉरंटी.
- कंपनीचे लेखी उत्तर आणि जॉबशीट.

फोन तिकडून मागवण्याआधी आणणाऱ्याला विचारायचे प्रश्न तीनच. सिमचा ट्रे आहे का, बिलावर आयएमईआय आहे का, आणि बिघडला तर तिथल्या दुकानात परत नेणार कोण? तिसऱ्या प्रश्नाला घरात उत्तर नसेल, तर भारताचा पीस बिलासह घ्यावा.